नागपूर-बंगलोर, दिल्लीमार्गे

बोरी अरबच्या बसस्टँडसमोर अंजूचं ऑनलाईनचं दुकान आहे. सातबारा, पॅनकार्ड, विमानाचं तिकीट, सगळं तिच्याकडे मिळतं. शेजारच्या गाळ्यात मी ब्लाऊज शिवते. मध्ये नुसता पत्रा, त्यामुळे तिच्याकडचं सगळं ऐकू येतं. अंजू आजवर एकदाही विमानात बसली नाही, पण कुठून कुठं किती किलोमीटर आणि किती तास, हे तिला तोंडपाठ. नागपूर-बंगलोर हवेतून जवळपास नऊशे किलोमीटर, पावणेदोन तास. कॉम्प्युटरकडे न बघता सांगते.

हे पाठांतर हौसेचं नाही. सहा वर्षांपूर्वी दारव्ह्याच्या प्रभावतीबाई बंगलोरच्या आपल्या मुलासाठी, कपिलसाठी, तिला बघायला आल्या. आलूबोंडे दोनदा मागून घेतले, शालूचा रंगसुद्धा सुचवला. आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, "पोरगं पावणेदोन तासांत नागपूरले उतरते, अन् सासुरवाडीले जायले आणखी चार तास. इतक्या लांब सोयरीक नाही जमत." आता नागपूरहून येताना बोरी आधी लागते आणि दारव्हा नंतर, हे शेंबड्या पोरालाही कळतं. अंजूनं आणि तिच्या वडिलांनी मात्र ते कारण खरं धरलं; गाव लांब पडलं म्हणून वडिलांनी त्या मध्यस्थापुढं हात जोडले, माफी मागितली. ते जोडलेले हात अंजू विसरली नाही, आणि मीही नाही.

मागच्या बुधवारी त्याच बाई दुकानात आल्या. अंजूला ओळखलं नाही. रविवारी संध्याकाळी बंगलोरला नातीचं बारसं होतं.

"रविवारच्या सकाळच्या विमानाचं काढ वं बाई. सगळ्यात स्वस्त पाह्य."

मी मशीन थांबवली. चहा द्यायच्या निमित्तानं गेले आणि अंजूच्या कानात म्हणाले, "दिल्लीवरून काढ." नागपूरहून दिल्ली, तिथं सात तास बसायचं, मग बंगलोर. ते तिकीट स्वस्त, पण रात्री दहाला पोचवतं. तोवर बारसं आटोपून पाहुणे घरी गेलेले असणार.

अंजूनं मान हलवून नाही म्हटलं. सरळ जाणारं विमान उघडलं, बाईंचं नाव भरलं आणि शांतपणे म्हणाली, "काकू, मी बोरीची अंजू. तुमाले लांब पडलो होतो आम्ही."

बाई ओशाळल्या. मग समजूत काढावी तशा म्हणाल्या, "तू कायले मनाले लावून घेतलं वं? अंतराचं तं आपलं सांगाले होतं. कपिलनं तिकडं पोरगी आधीच पाहून ठेवली होती. माह्या भावानं तुमच्याकडं शब्द देल्ला होता, म्हणून येऊन गेलो, बस."

अंजूची बोटं थांबली. सहा वर्षं ती अंतरं पाठ करत होती, आणि अंतर कधी आडवं आलंच नव्हतं. तिनं भरलेलं सगळं पुसलं, दिल्लीचं तिकीट काढलं आणि छापून हातात दिलं. कधी कुणाला चुकीची वेळ न सांगणाऱ्या अंजूनं त्या दिवशी वेळच सांगितली नाही. "सगळ्यात स्वस्त," एवढंच म्हणाली. बाईंनी कागद न वाचता घडी करून पिशवीत टाकला आणि दारव्ह्याची बस पकडली.

मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? फक्त विचारलं, "आधी तं सोडून देत होती, मंग काहून?"

"गाव खरंच लांब पडलं असतं तं सोडलं असतं, ताई," अंजू म्हणाली. "पण मंग माह्या बाबानं हात कायले जोडले?"