ज्ञानोबाचा नदीतला ओव्हरटाइम

रहाटणीच्या बाजूला मी सायकल थांबवली, कारण पवना नदीत कुणीतरी बटरफ्लाय मारत होतं. धुणं धुणाऱ्या बायका हातातलं काम सोडून बघत होत्या. जवळ गेलो तर आमचाच ज्ञानोबा! माझं डोकंच फिरलं.

सत्तरच्या दशकात मी पिंपरीजवळच्या एका कंपनीचा स्विमिंग कोच होतो. तेव्हा पवनेचा तळ दिसायचा, आणि गावातली पोरं नदीतच पोहायला शिकायची. ज्ञानोबा त्यातलाच. प्रेस शॉपमध्ये टेम्पररी, आणि माझा मेडलीचा भरवशाचा गडी. मेडली म्हणजे एकाच रेसमध्ये चार प्रकार: आधी बटरफ्लाय, मग बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, शेवटी फ्रीस्टाइल. कंपन्यांच्या स्पर्धेत मेडल आणलं तर त्याला पर्मनंट करायचं पर्सोनेल मॅनेजरांनी कबूल केलं होतं. नाहीतर ब्रेक, म्हणजे घरी.

सीझनची आखणी मी शिफ्ट बघून केली होती. आधी लांब पोहून दम वाढवायचा. मग एकेक स्ट्रोक घासायचा, पण नाइट शिफ्टच्या आठवड्यात नुसते हलके हातपाय. मग वेग. आणि स्पर्धा जवळ आली की पोहणं कमी कमी करत आणायचं. याला टेपर म्हणतात. थकलेलं अंग भरून येतं, पोरगा रेसला ताजा उतरतो.

घोडं इथंच अडलं. मॅनेजर एकदा कंपनीच्या स्विमिंग टँकवर आले, तेव्हा पोरं काठावर पाय सोडून बसलेली.

"काय हो, कंपनी यांना लवकर सोडते ती ऊन खायला?"

मी समजावलं, साहेबांना पटलंही. पण ज्ञानोबानं ते वाक्य मनाला लावून घेतलं, आणि टेपरच्या दिवसांत चोरून नदीत पोहायला लागला. त्या दिवशी रहाटणीला मी त्याला तसाच पकडला.

"सर, प्रोडक्शन कमी पडलं की आमी ओव्हरटाइम मारतो," तो नदीतून निथळत वर येऊन म्हणाला. "कमी पोहून मेडल कसं यायचं? ब्रेक बसला तर आईला काय सांगू?"

"अरे, विश्रांती हाच ट्रेनिंगचा भाग आहे."

"व्हय सर. पण बसून ऱ्हायची लाज वाटती."

मला रागही आला आणि भरूनही आलं. माझ्या सांगण्यानं हा थांबणार नव्हता. तडक मॅनेजरांची केबिन गाठली.

"साहेब, त्याला झोपायची ऑर्डर तुम्हीच द्या."

"आणि हरला तर?"

"मेंटेनन्सला मशीन बंद ठेवता, तेव्हा ते आळशी झालं म्हणता का?"

साहेब हसले. ज्ञानोबाला बोलावून दम भरला, "शिफ्ट सुटली की घरी जाऊन आडवं व्हायचं. नदीत दिसलास तर मेमो!"

मेमोला सगळेच भ्यायचे. तो नदीकडे फिरकला नाही.

रेसमध्ये बटरफ्लायला तो मागे पडला. नदीतला ओव्हरटाइम अजून खांद्यांत होता. ब्रेस्टस्ट्रोकला मात्र लय सापडली, आणि फ्रीस्टाइलला असा सुटला की मॅनेजर खुर्चीवर उभे राहून ओरडायला लागले. तिसरा आला. साहेबांनी शब्द पाळला.

कारखान्यातल्या माणसाला पोहायला शिकवणं सोपं, थांबायला शिकवणं महाकठीण. पर्मनंट झाल्यावर ज्ञानोबानं आयुष्यातली पहिली भरपगारी रजा टाकली. पोरगा आजारी पडला की काय म्हणून मी घरी गेलो, तर आई दारातच तोंडावर बोट ठेवून उभी.

"झोपलाय," ती हळूच म्हणाली. "कामाला लागल्यापासनं असा निवांत झोपलेला पयल्यांदाच बघतीया."

मी चपला न काढताच परत फिरलो.