सोमवारपर्यंत हात वर

मंगळवारी हिरामावशींचा उजवा हात खांद्याच्या जरा वर जाऊन अडला. आदल्या दिवशीही तिथेच अडला होता. माझ्याकडे सहा दिवस उरले होते.

मावशी शिरवणे गावातल्या, वय साठीच्या पुढे. कॅन्सरमुळे त्यांचा उजवा स्तन काढला होता. आता रेडिएशन द्यायचं होतं. त्यासाठी मशीनखाली हात डोक्यावर घेऊन वीसेक मिनिटं न हलता पडून राहावं लागतं. हात वर गेला नाही तर ट्रीटमेंट सुरूच होत नाही. येत्या सोमवारी प्लॅनिंगचा स्कॅन होता, तोही हात वर ठेवूनच काढतात. रेडिएशनच्या डॉक्टरांनी मला फोनवर सरळ सांगितलं, "आधीच उशीर झालाय. आणखी थांबणं धोक्याचं आहे."

मी फिजिओथेरपिस्ट. नेरूळला छोटं क्लिनिक आहे. अशा केसमध्ये मी मायोफॅशियल रिलीज करते. फॅशिया म्हणजे कातडीखाली स्नायूंना गुंडाळून असलेलं पातळ आवरण. चिकन धुताना हाताला पांढरा पापुद्रा लागतो, तसं. ऑपरेशननंतर ते व्रणापाशी आकसतं, चिकटतं. जोर लावून सुटत नाही. हात हलकेच ठेवायचा, जरासा ताण द्यायचा आणि थांबायचं. तीन मिनिटं, पाच मिनिटं. आतून सैल पडलं की थोडं पुढे. मी स्वभावाने उतावळी, लिफ्ट येईपर्यंतही धीर धरवत नाही, आणि नशिबी आलं हे काम.

"बाय, तू काय करतेस, का नुसता हात ठेवून बसलीस?" मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

रोज तासाभराने हात बऱ्यापैकी वर जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जैसे थे. व्यायाम करते, असं मावशी म्हणायच्या आणि सूनही शपथेवर सांगायची. मग चुकतंय कोण? मीच, असं वाटायला लागलं. माझी झोप उडाली.

गुरुवारी मी माती खाल्ली. घाबरून जोर लावला. मावशींनी डोळे घट्ट मिटले. शुक्रवारी हात होता त्याच्याही खाली आणि काख दुखरी. मला स्वतःची लाज वाटली. मावशींची माफी मागितली आणि पुन्हा हलक्या हाताने सुरुवात केली. तासाभराने हात जरा वर गेला. मावशी साडी सावरून निघाल्या, मी फाईल द्यायला मागे गेले.

बाहेर वेटिंगमध्ये त्यांच्या गावचे एक गृहस्थ बसले होते. ते दिसताच मावशींनी पदर छातीवर ओढून मुठीत धरला आणि उजवं कोपर बरगड्यांना चिकटवलं. गृहस्थ बोलत राहिले. दहा मिनिटं ते कोपर हललं नाही.

मी मावशींना परत आत नेलं आणि दार लावलं. "मावशी, हात दिवसभर असाच असतो?"

त्यांनी मुठीतला पदर आणखी घट्ट धरला. मग म्हणाल्या, "मंग काय करू? घरान मानसा येतान. एक बाजू सपाट हाय, ती कोनाला दावू?"

तासभर मी जे सोडवायचे, ते मावशी दिवसभर घट्ट आवळून धरायच्या. मला राग आला तो माझाच. इतके दिवस मी फक्त व्रण तपासत होते.

मी सुनेला बोलावून घेतलं. तिने त्याच संध्याकाळी जुन्या सुती साडीची मऊ घडी करून ब्लाऊजला आतून शिवली. दोन्ही बाजू सारख्या दिसल्यावर पदर धरायची गरज उरली नाही. शनिवारी हात जिथपर्यंत गेला होता, रविवारी तिथूनच पुढे निघाला आणि कानापर्यंत पोचला. तेवढा पुरेल का, याची मलाच खात्री नव्हती.

सोमवारी अकराला हॉस्पिटलमधून फोन यायचा होता. साडेबारा झाले तरी आला नाही. मी एका पेशंटच्या डाव्या पायाऐवजी उजवा पाय धरला. मग मावशींचाच फोन आला.

"झाला गो बाय. हात वर ठेवून निजले. अंगावर पदर नव्हता, पन मना काय वाटला नाय."

मी खुर्चीत बसून रडले. रेडिएशन आणखी न लांबता सुरू झालं.

माझ्या फॉर्मवर दुखणं, झोप, शुगर, बीपी सगळ्याचे रकाने होते. आता एक नवा आहे: दिवसभर हात कुठे असतो? उत्तर बहुतेक वेळा खरं नसतं. म्हणून हल्ली पेशंट निघाला की मी त्याला बाहेरपर्यंत सोडायला जाते.