केबिनवरची टकटक

शाळेत शिपाई म्हणून जन्म गेला की किस्से साठत जातात, अडगळीतल्या मोडक्या बाकांसारखे. मुद्दाम कोणी ठेवत नाही, पण टाकवतही नाहीत. दोन हजार सालाच्या आसपास मुख्याध्यापकांना नेतृत्व शिकवायचं ट्रेनिंग निघालं. गोखिवऱ्याच्या एका हॉलमध्ये. चहा-खुर्च्या बघायला मला पाठवलं होतं.

*

पहिल्या दिवशी सगळे मुख्याध्यापक मागच्या रांगेत! ट्रेनर सरांनी विचारलं, "लीडर म्हणजे कोण? सांगा."

ज्यांच्या नुसत्या खोकल्याने तुळिंजची अख्खी शाळा गप्प व्हायची, ते सर वाकून चपलेचा पट्टा शोधू लागले. मी चहा द्यायला गेलो तर हळूच म्हणाले, "काका, जरा इथेच उभे राहा. आडोसा होतो!"

*

दुपारी ट्रेनर सर म्हणाले, "कशाची भीती वाटते, मोकळेपणाने बोला."

एक म्हणाले, पालकांची. दुसरे म्हणाले, संस्थाचालकांची. तिसरे म्हणाले, "तुम्ही हे वर कळवाल, त्याची!"

*

आमच्या शाळेच्या फिलोमिना बाई होळी गावच्या. मोठे सर निवृत्त झाले आणि सीनियर म्हणून त्यांची मुख्याध्यापकाची खुर्ची बाईंकडे आली. सरांचा दरारा असा, की ते गेल्यावरही बाई रिकाम्या केबिनवर टकटक करून थांबायच्या.

"बाई, आत कोणी नाही."

"माहीत आहे हो काका. हात ऐकत नाही!"

*

शेवटच्या दिवशी ट्रेनर सरांनी बाईंना टेबलामागे बसवलं. "टकटक झाली की बसूनच 'या' म्हणायचं."

टक टक. बाई उभ्या राहिल्या! पुन्हा टकटक, पुन्हा उभ्या. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

परतताना रिक्षात त्यांनी पर्स घट्ट धरली होती. "देवा सायबा! काका, सोमवारी संस्थेला सांगून टाकते. मला ती खुर्ची नको."

मी म्हटलं, "सोमवार तर येऊ द्या."

*

सोमवारी, बाई संस्थेत जायला निघणार, तेवढ्यात मोठे सरच आले! पेन्शनच्या कागदावर मुख्याध्यापकांची सही हवी होती. केबिनसमोर थांबले. टकटक करायला हात उचलला, खाली घेतला. मला कुजबुजले, "नारायणा, बाई रागावलेल्या नाहीत ना रे? फार बोललोय मी त्यांना."

मी आत गेलो. बाई भिंतीला टेकून उभ्या. "काका, सर रागावलेत का हो?"

मी सरांना आत घेतलं.

"बसा, सर."

"आधी तुम्ही, बाई."

"नको नको, सर, तुम्ही बसा."

दोघंही उभी. खुर्ची रिकामी. शेवटी सर अगदी बारीक आवाजात म्हणाले, "तुम्ही बसल्याशिवाय माझ्या कागदावर सही कशी होणार?"

बाई बसल्या. मग सर बसले. मी दार ओढून घेतलं, चहा करून आणला आणि बाहेरून टकटक केली.

दाराच्या फटीतून दिसलं, मोठे सर दचकून उभे राहिले.

बाई बसूनच म्हणाल्या, "या!"