इद्रीस काफांची रजा

आमच्या देशाची लोकसंख्या एक. नाव इद्रीस काफा. काफा म्हणजे आजोबा, पण तसं हाक मारणारं बेटावर कुणी उरलं नव्हतं. महिन्यातून एकदा मी जायचो, तेवढाच.

समुद्र चढत गेला, बेटं बुडाली आणि सरकारसकट आम्ही सगळे त्रिवेंद्रमला भाड्याच्या घरांत आलो. पण कायदा असा, की जमिनीवर एक तरी नागरिक राहतो तोवर देश जिवंत. भोवतालची मासळी त्याची, जगाच्या सभेतलं एक मतही त्याचं. म्हणून माडावर चढून माडी काढणाऱ्या या म्हाताऱ्याला सरकारने शेवटच्या बेटावर ठेवून दिलं. मी जनगणना कारकून. होडीने जायचं, मोजायचं, ‘एक’ लिहून परतायचं.

काफांचा थाट मोठा. दोन महासत्तांचे राजदूत त्यांच्या दारातल्या जोलीवर, म्हणजे दोरीने विणलेल्या बैठकीवर, बसून मासळी-खोबऱ्याची मासहुनी आणि रोशी नावाची पोळी खात आणि मतासाठी गोड गोड बोलत. एकाने विमानतळ देऊ केला.

"ठेवू कुठे? आधी माझी कोंबडी हलवा," काफा म्हणाले.

दुसऱ्याने त्याच आठवड्यात युद्धनौकेतून खुराडं पाठवलं.

त्यांना हवी होती फक्त रजा. लेकीचं, शरीफाचं तोंड त्यांनी आठ वर्षं पाहिलं नव्हतं, आणि आता ती त्रिवेंद्रमच्या दवाखान्यात बेशुद्ध पडली होती. अर्ज मी नेई. मंत्रिमंडळ डोळे पुसत तो फेटाळी. आठ दिवस बदली म्हणून कोण जातो, असं विचारलं की एकेकाची कंबर धरायची. मग देशप्रेमाचा ठराव एकमताने पास होई.

गेल्या खेपेला नकाराचं पत्र देताना मला मान वर करवेना. काफांनी ते उघडलंसुद्धा नाही.

"किती मोजलेस?"

"एक, काफा."

"आणि बेटावर माणसं किती?"

"तुम्ही... आणि मी."

"मग तू कुठला रे? आपल्या देशाचा नाहीस?"

"आहे की!"

"मग आठ वर्षं स्वतःला धरत का नाहीस, गाढवा?"

मोजणाऱ्याने स्वतःला मोजायचं नाही, ही आमच्या खात्याची शिस्त. ती समजावून सांगेपर्यंत काफा होडीत चढलेही. नावाडी वर्गीस मल्याळी, त्याला आमच्या सार्वभौमत्वाचं सोयरसुतक नव्हतं.

"कोंबडीला पाणी पाज," काफा ओरडले, "आणि मत कुणालाच कबूल करू नकोस. दोघंही यायचे बंद होतील."

हाक मारून होडी थांबवता आली असती. पण इतकी वर्षं तो नकार मीच हातात धरून नेत होतो, त्याची लाज वाटली. मी कोंबडीला पाणी पाजायला वळलो.

त्याला चार महिने झाले. सरकारने मला राष्ट्रभूषण केलंय, बदली मात्र कुणी आलेला नाही. परवा एका राजदूताने निरोप आणला: शरीफाने डोळे उघडले, बापाला ओळखलं.

मी ढसाढसा रडलो. अख्खा देश रडला म्हणा ना.