बाटलीचा दिवस

माझ्या पीएचडीचा एक अख्खा पावसाळा धर्माकाकांनी खोबरेल तेलात बुडवला होता.

आज सकाळी धर्माकाका गेले.

माझे सख्खे काका नव्हेत. पेणच्या खारेपाटातले. उभा जन्म मिठागरात काढला आणि म्हातारपणी गावाची उघाडी सांभाळली. उघाडी म्हणजे बांधातला दरवाजा. भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरू द्यायचं नाही, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं.

मी रोह्याची. दर महिन्याला त्या उघाडीपाशी पाण्याची एक बाटली भरून न्यायची, हे माझं संशोधन.

पहिल्याच दिवशी मी ऐन भरतीत चिखलात उतरले. बांधावरून आवाज आला.

"ओ बाय! ओहोटीला ये. आता भरशील तं नुसता दर्या भरशील."

सॅम्पलिंगचा पहिला धडा मला असा मिळाला. गाईड मॅडम, तुम्ही हे वाचत असाल तर सॉरी.

"पान्यात बघतेस तरी काय गो?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, चहा गाळला की पत्ती गाळणीत राहते, रंग पाण्यातच राहतो ना? तसंच कुजलेली पानं, पेंढा, खाडीतली तिवरं यांचं बरंच काही पाण्यात विरघळलेलं असतं. ते डोळ्यांना दिसत नाही. आमचं मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं मशीन त्यातल्या रेणूंचं वजन करतं, आणि वजनावरून आम्ही ओळखतो की काय आहे.

"म्हंजे काटा! आमच्या आगरात मिठाच्या गोनीला व्हता तसा."

हो काका. काटाच. तेव्हापासून माझ्या अख्ख्या लॅबचं नाव 'काटा'.

मग तो पावसाळा आला. नागोठण्याला पाणी भरलं, रोह्याहून निघायची सोय राहिली नाही. एक महिना जरी चुकला असता तरी वर्षाची साखळी तुटली असती. मी रडकुंडीला येऊन फोन केला.

"रडतेस कशाला? तू ठेवलेल्या बाटल्या हायेत ना माझ्याकडं? मी भरतो."

पावसाळ्याचे चारही महिने बाटल्या त्यांनीच भरल्या. लॅबमध्ये ॲसिडने धुतलेल्या, भट्टीत भाजलेल्या काचेच्या बाटल्या. वर चिठ्ठी, तारीख, वेळ, ओहोटी. अक्षर माझ्यापेक्षा बरं.

मशीनवर लावल्या आणि मी खुर्चीतून उठलेच. चारही नमुन्यांच्या आलेखात एक भलंमोठं शिखर! बाकी सगळं त्याच्यापुढे झोपलेलं. मला वाटलं, शोध लागला. पाण्यात कुजणाऱ्या नारळाच्या सोडणांवर वगैरे दोन पानं थिअरी पण लिहून काढली.

मॅडमनी पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "बाटलीला कोणी खोबरेल लावलं होतं का?"

मी तडक फोन केला.

"व्हय, लावला की," काका अभिमानाने म्हणाले. "खाऱ्या हवेत झाकनाचे आटे धरतात. उघाडीच्या कड्यांना लावतो तसा बोटभर लावला. तुला उघडायला तरास नको."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझं तोंड तुम्हाला माहीत आहे. मॅडमनी बजावलं होतं की पुढच्या पावसाळ्याचे नमुने नीट मिळाले नाहीत तर विषय बदलावा लागेल. तो सगळा राग मी सत्तरीच्या माणसावर काढला.



ते म्हणाले, "माझ्यामुळं तुझा नुकसान झाला गो. पुढच्या पावसाला मी हाय ना. परत भरू."

आणि मग, "हाताचा तेल पन कळतो का तुझ्या काट्याला?"

"कळतो!" मी खेकसले आणि फोन ठेवला.

पुढच्या महिन्यात जिते स्टेशनला उतरून, मिनीडोर रिक्षा पकडून गेले. माफी मागायची होती. काका बांधावर उभे, पण ओळखूच येईनात. एरवी तेलाने चप्प बसवलेले पांढरे केस चारही दिशांना उभे. हाताची कातडी कोरडी, फुटलेली.

काकी म्हणाली, "बघ गो तुझ्या काकाला! बाटलीच्या दिसाआधी दोन दिस तेल बंद. डोक्याला नाय, हाताला नाय. जेवताना माशाचा कालवन पन चमच्यानं खातो."

मी हसले, मग रडले. म्हटलं, काका, डोक्याला लावा हो, नुसते हात धुतले तरी चालेल.

"नाय. डोका खाजवला तं?"



सख्ख्या पुतण्याची हळद बाटलीच्या दिवशी आली. अख्खा गाव तेला-हळदीत माखून नाचतोय आणि काका अंगणाच्या टोकाला हात मागे बांधून उभे. कोणी ओंजळ घेऊन जवळ आलं की ओरडायचे, "लांब ऱ्हा! आज बाटली हाय!"

दुसऱ्या पावसाळ्याचे नमुने काचेसारखे स्वच्छ आले. शेकडो रेणू, सगळे आपापल्या जागी. माझा प्रबंध त्या कोरड्या हातांवर उभा आहे. प्रबंध झाल्यावरही बाटली चालूच राहिली. मीच थांबवली नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

त्या दिवशीच्या फोनबद्दलची माफी मात्र राहून गेली. दरवेळी ते विषय बदलायचे.

आज पोचले तेव्हा त्यांना अंघोळ घालायची तयारी चालली होती. परवा बाटलीचा दिवस. केस कोरडे, उभे. म्हणजे तेल बंद करून झालं होतं.

काकीने खोबरेलाची वाटी माझ्या हातात दिली. माझा हात पुढे होईना.

"लाव गो," ती म्हणाली. "भरपूर लाव. आज बाटलीचा दिस नाय."

लावलं, काका. केस चप्प बसवले, तुम्हाला आवडतात तसे. हातांनाही लावलं.

चुकले होते मी. सावकाश जा.

परवाची ओहोटी मी गाठते. कोरड्या हातांनी.