बत्तिसावी बाटली

विदर्भ एका वेळी एकच गोष्ट बदलायचा. या रविवारी लसूण कमी, तर पुढच्या रविवारी व्हिनेगर जास्त. दोन्ही एकदम कधीच नाही. "दोन बदलले तर कशानं बिघडलं ते कसं समजन बे?" असं त्याचं म्हणणं. आठवडाभर तो एका सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा आणि रविवारी सकाळी आमच्या ओट्यापाशी उभा राहून स्वतःच्या सॉसमधल्या.

त्याचं नाव अर्थातच वेगळं होतं. यवतमाळकडून नोकरीसाठी पुण्यात आलेला हा मुलगा हडपसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाहेरच्या खोलीत भाड्याने राहायला आला, तेव्हा वडिलांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं. "विदर्भ उठला का?" हा त्यांचा सकाळचा पहिला प्रश्न असे. तो प्रश्न ते मला विचारत. मी उठलोय की नाही, हे विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. मी चहा घेऊन समोरच उभा असायचो.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि त्यांचं जेवणावरून मन उडालं. अंडी द्या, असं डॉक्टर म्हणाले. मी ऑम्लेट करून दिलं. "हे ऑम्लेट आहे, हे आधी सांगितलंस ते बरं केलंस," वडील म्हणाले. त्यांना हवं होतं ते कँपातल्या एका कॅफेतलं, वर दाट, तांबूस सॉस ओतलेलं. माझ्या शाळेच्या दिवसांपासून आम्ही बापलेक दर रविवारी ते खायला जायचो. फारसं न बोलता खायचो, पण जायचो. आता ते कॅफे बंद पडून तिथे मोबाइलचं चकाचक दुकान झालं होतं.

"मग घरी बनवू ना काका," विदर्भ म्हणाला. झालं.

तो स्कूटरवरून मार्केट यार्डात जायचा आणि सगळे टणक माल निवडत असताना पिचके टमाटर मागून घ्यायचा. टमाटर हा त्याचा शब्द. माझे उच्चार आयुष्यभर सुधारत आलेले माझे वडील तिसऱ्या रविवारी म्हणाले, "आजचे टमाटर आंबट आहेत रे, विदर्भ." मी मान खाली घालून पेपर वाचत राहिलो.

सॉस जॅमच्या रिकाम्या बाटलीत भरला जायचा. बाटलीवर चिकटपट्टी, पट्टीवर आकडा. वडील डोळे मिटून घास घोळवायचे आणि जाहीर करायचे, "नापास. पुढच्या रविवारी या." मग दोघं हसायचे. एकदा हसताना त्यांच्या वाकड्या ओठातून सॉस ओघळला. मी रुमाल घेऊन पुढे झालो, तर त्यांनी डाव्या हाताने मला थांबवलं. "असू दे, तुला बँकेत उशीर होईल." रविवार होता. विदर्भने पुसलं, तेव्हा त्यांनी लहान मुलासारखी हनुवटी वर केली.

हे सगळं परवापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं, आणि पुढचं तर नाहीच.

कॅफे बंद व्हायच्या आठवड्यात मी तिथे एकटाच गेलो होतो. हात धुवायला मागे गेलो, तेव्हा आचारी सँडविचसाठी ब्रेडच्या कडा कापत होता. त्या कडा तो तव्याच्या एका कोपऱ्यात टाकत होता आणि काळपट झाल्या की चुरून सॉसच्या पातेल्यात. घरी कोण ब्रेडच्या कडा कापतो? विदर्भच्या डोक्यात ते येणं शक्यच नव्हतं. मलाही ते दहाव्या-अकराव्या बाटलीच्या वेळी उमगलं, आणि मी गप्प बसलो.

चोविसाव्या बाटलीला विदर्भ हताश झाला. "काका म्हणतात, भाजल्यासारखी चव होती. मी कांदा भाजला, टमाटर भाजले, जमूनच नाही राहिलं." मग माझ्याकडे वळला. "तू तर लहानपणापासून खाल्लं ना बे. तुले काही आठवते?"

वडील माझ्याकडे बघत होते. कितीतरी महिन्यांनी असे, उत्तराची वाट बघत.

"नाही," मी म्हणालो.

त्याला कंपनी अमेरिकेला पाठवणार होती. तो गेला की पहिल्याच रविवारी तो सॉस मी करणार होतो, आणि वडील डोळे मिटून मला पास करणार होते. हिशेब इतका साधा होता. पण एकतिसाव्या बाटलीनंतरच्या गुरुवारी वडील गेले. विदर्भचा व्हिसा त्यानंतर तीन आठवड्यांनी आला. निघायच्या दिवशी त्याने सगळ्या बाटल्या घासून, पुसून ओट्यावर ओळीने लावल्या. मला मिठी मारून म्हणाला, "काकाले एकदा तरी ते खाऊ घालायचं होतं बे." मी त्याची बॅग उचलून रिक्षात ठेवली.

परवा, इतक्या वर्षांनी, मी तो सॉस केला. कडा भाजून. पहिल्याच घासाला ते कॅफे, ते संगमरवरी टेबल, समोर न बोलता खाणारे वडील, सगळं तसंच्या तसं. मी ताटली बाजूला सारली. मी विदर्भला फोन लावला आणि सगळं सांगितलं. आचारी, तवा, ते 'नाही', आणि ते का म्हणालो तेसुद्धा.

"कडा भाजून, का तशाच?" त्याने विचारलं.

"भाजून. जरा काळ्या होऊ द्यायच्या."

"म्हणजे बत्तिसावी." "बनवतो मी रविवारी," तो म्हणाला. "पण आता पास-नापास कोण करणार बे?"