ताईचा हातगुण

माझे भावोजी फ्रीज दुरुस्त करतात. फ्रीज गार होत नसो, गळत असो की नुसता घुरघुरत असो, ते दार उघडून आत डोकं घालतात आणि सांगतात, "गॅस गेलाय." एकदा एका बाईच्या फ्रीजची पिनच सॉकेटमध्ये नव्हती. तिथेही यांनी आधी गॅसवरच बोट ठेवलं. तेव्हापासून आख्खी गल्ली त्यांना गॅसमास्तर म्हणते, आणि त्यांना वाटतं कौतुकानं म्हणते. चुकलो हा शब्द त्यांच्या तोंडून मी आजवर ऐकलेला नाही. पडले तरी नाक वर.

ताई माझी थोरली बहीण. ती लॉन्ड्रीत धुलाईच्या बाजूला काम करते. पावडर आणि ब्लीचच्या पाण्यात हात घालून घालून तिची बोटं भेगाळली आहेत, नखं पांढरी पडली आहेत. तिला दोन मुलं झाली. एक पोटातच गेलं. दुसरं जेमतेम आठवडाभर राहिलं आणि तिच्याच मांडीवर दूध पिता पिता गेलं. तेव्हा तिच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "हिला हातगुणच नाही." म्हातारी पुढे वर गेली, पण जाताना वाक्य घरातच ठेवून गेली. ताई साधं रोप लावायचं असलं तरी मला म्हणायची, "तू लाव गं, माझ्या हातचं नको."

भावोजींच्या डोक्यात समुद्र शिरला तो एका दातांच्या दवाखान्यात. तिथला फ्रीज दुरुस्त करायला गेले आणि बाहेरच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची टाकी बघून वेडे होऊन आले. "गोड्या पाण्यातले मासे कोणीही पाळतं," म्हणाले. "खाऱ्याला अक्कल लागते." ती होती की नाही ते पुढे कळेलच. खिसा मात्र हलका होता. मग त्यांनी भंगारातून तडा गेलेली टाकी आणली, तिची काच बदलली, स्वतः चिकटवली आणि घरात पडून असलेल्या एका मेलेल्या डीप फ्रीझरवर चढवली. पंप जुन्या कूलरचा, दिवा कुठल्याशा दुकानाच्या पाटीचा. इथवर मी त्यांना मानते. हातात कसब आहे माणसाच्या.

माशांच्या दुकानाचा मालक शांत माणूस. त्यानं नीट समजावलं होतं. मीठ खास समुद्री टाक्यांचंच घ्या, स्वयंपाकघरातलं चालत नाही. आधी काही आठवडे नुसते दगड ठेवून पाणी फिरवा, घाईनं मासा सोडू नका. आणि पाण्यात धातू नको, कुठलाच. भावोजींनी मान डोलावली आणि पहिल्या दोन गोष्टी अगदी मनापासून पाळल्या. रोज कामावरून आले की खुर्ची टाकून दगडांसमोर बसायचे. गॅसमास्तर दगड पाळतात, म्हणून गल्लीची चांगली करमणूक झाली.

मग एक नारिंगी मासा आला, चार-पाच गोगलगायी आल्या आणि एक कोळंबी आली. लाल पाठीवर पांढरा पट्टा, मिशा इतक्या लांब की आधी मिशा यायच्या, मग ती. ही कोळंबी माशांचं अंग साफ करून देते म्हणे. भावोजी दिवसभर बाहेर, म्हणून खायला घालायचं काम ताईकडे आलं. एकदा चारा टाकताना ताईचा हात पाण्यात गेला आणि ती कोळंबी येऊन तिच्या बोटावर चढली. भेगेतली मेलेली कातडी वेचायला लागली, नखाच्या कडा टोकरायला लागली. ताई हललीसुद्धा नाही. मी गेले तर मला म्हणाली, "बघ ना, घाबरत नाही मला. रोज येते."

मी तेव्हा गरोदर होते. बाळ झाल्यावर नोकरी कशी करायची या विचारानं माझी झोप उडाली होती. ताईला विचारायची माझी छाती होत नव्हती. त्या कोळंबीला बोटं टोकरू देत, माझ्याकडे न बघता, ताई आपणहून म्हणाली, "तू कामावर जात जा. बाळ मी सांभाळते." त्या दिवशी मला रडू आलं. इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा असं काही मागितलं होतं.

उन्हाळा आला आणि टाकीचं पाणी तापायला लागलं. पाणी गार ठेवायचं यंत्र दुकानात होतं, पण त्याच्या किमतीत भावोजींनी दोन फ्रीज घेतले असते. ते हसले. आयुष्य गारव्यात काढलेला माणूस गारवा विकत घेणार? त्यांनी एका जुन्या फ्रीजची तांब्याची नळी काढली, चकाकेपर्यंत घासली, तिचं वेटोळं केलं, त्याच फ्रीजच्या कॉम्प्रेसरला जोडलं आणि टाकीच्या मागच्या कप्प्यात, पाण्यात सोडलं. आम्हाला बोलावून दाखवलं.

"अहो, धातू नको म्हणाला होता ना तो दुकानवाला?" ताईनं विचारलं.

"धातू म्हणजे लोखंड. गंजतं ते. हे तांबं आहे, जन्मभर टिकतं. तू आपले कपडे धू."

पाणी झकास गार झालं. आधी गोगलगायी काचेवरून सुटून तळाला पडल्या. मग कोळंबी एका कुशीवर झाली, पाय हलवत राहिली आणि संध्याकाळपर्यंत गेली. ताईनं तिला तळहातावर घेतलं होतं. भावोजी आले तेव्हा ताई तशीच उभी होती.

मी तिथेच होते. ते टाकीभोवती फिरले. मग म्हणाले, "मासा जिवंत आहे. का? कारण त्याला हिचा हात लागत नाही. जिला जिला हात लागला ती गेली."

"मी हात धुऊन घालत होते," ताई म्हणाली.

"साबण भिनलाय तुझ्या हातात. आई बोलायची ते खोटं नव्हतं. पोर काय, कोळंबी काय, तुझ्या हातात काही जगतच नाही."

असं बोलले. माझ्यासमोर, माझं पोट असं पुढे आलेलं असताना. मी तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी कूलरचा पंप तपासायला घेतला. ताईनं हात पदरात गुंडाळले.

दुसऱ्याच दिवशी मी बाटलीत टाकीचं पाणी भरलं आणि दुकान गाठलं. मालकानं ते काचेच्या छोट्या नळीत घेतलं, तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले, पाणी निळसर झालं. "तांबं कुठून आलं यात?" त्यानं विचारलं. मी सांगितलं तसा त्यानं कपाळावर हात मारला. "माशाला एवढं चालून जातं. कोळंबी, गोगलगाय यांना विषच ते. आता दगडातही मुरलं असणार, सगळं बदला."

मी तशीच भावोजींच्या कामावर गेले. एका फ्रीजच्या मागे उकिडवे बसले होते. सगळं सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं. मी बोलतो तिच्याशी."

बोलले की! तांब्याचं काही खरं नाही, तुझी बहीण तुला बरं वाटावं म्हणून गोष्टी रचते, असं बोलले. आणि त्याच आठवड्यात, ताई लॉन्ड्रीत असताना, नळी काढून भंगारात दिली, पाणी ओतून दिलं, वाळू बदलली, दगड बदलले. नवी कोळंबी आणली. ताईनं टाकीला हात लावायचा नाही असा हुकूम सोडला. टाकी अशी बहरली की दातांचे डॉक्टर बघायला आले. त्यांना भावोजी म्हणाले, "हिला लांब ठेवली, म्हणून जमलं."

मी ताईला भंगारवाल्याकडे नेलं, नळी दाखवली. दुकानात चल म्हटलं, आली नाही. "असेल तांबं," ती म्हणाली. "पण आता मी हात लावत नाही आणि सगळं जगतंय. ते मला रोज दिसतं ना."  नवऱ्यानं पुरावा पाळून ठेवला होता घरात, खायला घालून.

मला मुलगी झाली. सगळे बघायला आले. भावोजी खिडकीपाशी माझ्या नवऱ्याला मोबाइलवर कोळंबीचे फोटो दाखवत बसले. सांभाळायचं काय ठरलं, असं मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "एखादी बाई बघ." मी म्हटलं, निदान घे तरी तिला. ती नको नको म्हणत होती, पण नजर पोरीवरून हलत नव्हती. शेवटी तिनं पर्समधून रबरी हातमोज्यांचं पाकीट काढलं, माझ्यासमोर फोडलं आणि दोन्ही मोजे कोपरापर्यंत ओढून घेतले.

"नवीन आहेत," ती म्हणाली. "आता दे."